रकाना नसलेला वायू : आरगॉन आणि आवर्तसारणीचं प्रकरण

आवर्तसारणीची गोष्ट बहुतेक वेळा विजयाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. 1869 मध्ये दिमित्री मेंडेलीव्हने तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली. गुणधर्म जुळेनात तिथे त्याने रकाने रिकामे सोडले आणि तिथे कोण येणार तेही सांगून टाकलं. 1875 मध्ये गॅलियम आलं, 1879 मध्ये स्कँडियम, 1886 मध्ये जर्मेनियम. तिन्ही आपापल्या रकान्यात मुकाट जाऊन बसली. शाळेतला धडा साधारण इथेच संपतो.

त्यानंतर आठच वर्षांनी एक मूलद्रव्य असं सापडलं, की त्याला सारणीत रकानाच नव्हता. रिकामा नव्हता असं नाही, तसा रकाना असू शकतो हेच कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. वर हे मूलद्रव्य कुठल्या दुर्मीळ खनिजात दडलेलं नव्हतं. आपण घेतो त्या प्रत्येक श्वासात ते जवळजवळ एक टक्का असतं. 1894 ते 1900 या सहा वर्षांत आरगॉनचं काय करायचं यावर जो घोळ झाला, त्याचा हा अभ्यास. मूलद्रव्यांचं वर्गीकरण कशाच्या आधारावर उभं आहे, हे मला गॅलियमच्या यशापेक्षा या घोळातून जास्त स्पष्ट दिसतं.

अकरा मिलिग्रॅम

सुरुवात करणाऱ्या माणसाला नवीन मूलद्रव्य शोधायचं नव्हतं. लॉर्ड रॅले हा भौतिकशास्त्रज्ञ. सगळे अणुभार हायड्रोजनच्या अणुभाराच्या पूर्ण पटीत असतात, हा विल्यम प्राउटचा 1815 मधला तर्क त्याला तपासायचा होता. त्यासाठी वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजायची. ऑक्सिजन हायड्रोजनच्या नेमका 16 पट जड आहे का, या प्रश्नावर त्याने काही वर्षं घालवली आणि उत्तर आलं 15.882. म्हणजे नाही. मग तो नायट्रोजनकडे वळला.

त्याची पद्धत सांगायला सोपी, करायला जीवघेणी. सुमारे 1.8 लिटरचा काचेचा गोळा घ्यायचा, आतली हवा पूर्ण काढून वजन करायचं, वायू भरून पुन्हा वजन करायचं. वायूचं वजन भरतं जेमतेम सव्वादोन ग्रॅम आणि त्यात मिलिग्रॅमच्याही खालचा फरक पकडायचा असतो. खोलीतली हवा गोळ्याला वर उचलते, म्हणून दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच आकाराचा बंद गोळा टांगायचा. शिवाय आतली हवा काढली की बाहेरच्या दाबाने काच किंचित आकसते आणि गोळ्याचं आकारमान बदलतं, त्याचीही दुरुस्ती करायची. ही आकसण्याची बाब आधीच्या पिढीतल्या नावाजलेल्या प्रयोगकर्त्यांच्याही नजरेतून सुटली होती.

नायट्रोजन मिळवायचे दोन मार्ग त्याने वापरले. पहिला सरळ : हवा घ्या, ती लालबुंद तापलेल्या तांब्यावरून न्या, तांबं ऑक्सिजन खातं, उरतो तो नायट्रोजन. दुसरा मार्ग विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने सुचवला होता : हवा आधी अमोनियातून बुडबुडे काढत न्यायची आणि मग तांब्यावर सोडायची. यात हवेतला ऑक्सिजन अमोनियातला हायड्रोजन जाळतो, आणि शेवटी मिळणाऱ्या नायट्रोजनचा काही भाग हवेतून आलेला असतो, काही अमोनियातून. दोन्हीकडचं वजन सारखं यायला हवं होतं. अमोनियावाला नायट्रोजन हजारात एक भाग हलका भरला.

बहुतेकांनी अशा वेळी दोन्ही आकड्यांची सरासरी काढली असती. हजारात एक म्हणजे त्या काळच्या रसायनशाळांत दखलही न घेण्याजोगा फरक. रॅलेने सप्टेंबर 1892 मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकाला पत्र लिहून हा फरक जाहीर केला आणि रसायनशास्त्रज्ञांकडे खुलासा मागितला. समाधान होईल असं उत्तर आलं नाही. त्यानंतर त्याने जे केलं ते या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडणारं पाऊल आहे. फरक कमी करायच्या मागे न लागता त्याने तो वाढतो का ते पाहिलं. अमोनियाच्या मार्गात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे आता मिळणारा नायट्रोजन सगळाच्या सगळा अमोनियातला. फरक हजारात एकवरून दोनशेत एकपर्यंत गेला, पाचपट झाला. चूक हाताळणीतली असती तर ती अशी हिशेबात वाढली नसती.

मग त्याने दोन्ही बाजूंना साक्षीदार वाढवले. हवेतून ऑक्सिजन काढायला तापलेलं तांबं वापरलं, तापलेलं लोखंड वापरलं, थंडपणे शोषून घेणारं फेरस हायड्रेट वापरलं. गोळ्यातल्या वायूचं वजन अनुक्रमे 2.3103, 2.3100 आणि 2.3102 ग्रॅम. दुसरीकडे संयुगांतून नायट्रोजन काढला : नायट्रिक ऑक्साइडमधून 2.3001, नायट्रस ऑक्साइडमधून 2.2990, अमोनियम नायट्राइटमधून 2.2987. हवेतला नायट्रोजन कुठल्याही वाटेने या, 2.310. संयुगांतला कुठल्याही वाटेने या, 2.299 किंवा त्याच्या आगेमागे. मधलं अंतर सुमारे 11 मिलिग्रॅम.

हलक्या नायट्रोजनमध्ये हायड्रोजन उरला असेल का? त्याने मुद्दाम जड नायट्रोजनमध्ये हायड्रोजन मिसळला आणि नेहमीच्या शुद्धीकरणातून नेला. हायड्रोजन पुरता निघून गेला, वजन होतं तेच राहिलं. हलक्या नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू झाले असतील का? वायूतून विजेचा मूक विसर्ग सोडून पाहिला, वायू आठ महिने साठवून ठेवून पुन्हा तोलला. फरक जागच्या जागी.

शंकेची दिशा बदलायला हवी होती. हलक्यात काय कमी आहे यापेक्षा जडात काय जास्त आहे, असं विचारायला हवं होतं. 19 एप्रिल 1894 रोजी रॅलेने रॉयल सोसायटीत हे आकडे मांडले आणि सभेनंतर रॅम्झीने या कामात हात घालायची परवानगी मागितली. याच सुमारास एक जुना संदर्भ वर आला. हेन्री कॅव्हेंडिशने 1785 मध्ये हवेतल्या नायट्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून ठिणग्या सोडल्या होत्या आणि तयार झालेला वायू अल्कलीत शोषून घेतला होता. दिवसेंदिवस ठिणग्या सोडूनही एक छोटासा बुडबुडा शेवटपर्यंत उरला. मूळ वायूच्या 1/120 पेक्षा जास्त नाही, एवढी नोंद करून तो पुढे गेला. हवेतल्या नायट्रोजनसोबत असलेला आरगॉन साधारण 1/84 भरतो, तेव्हा ठिणग्यांच्या त्या साध्या साधनाने आणलेला अंदाज थक्क करणारा आहे. पण 109 वर्षं त्या बुडबुड्याकडे कुणी पाहिलं नाही. ज्यावर काहीच क्रिया होत नाही त्यात पाहण्यासारखं काय असणार, हा त्यामागचा अव्यक्त समज.

रॅम्झीने तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेला. मॅग्नेशियम नायट्रोजनशी जोडलं जातं, म्हणून प्रत्येक फेरीत वायू कमी होत जाई आणि उरलेल्याची घनता चढत जाई. हायड्रोजनच्या 14 पटीपासून 15, मग 16 आणि शेवटी 20 च्या जवळ येऊन ती थांबली. रॅलेने इकडे कॅव्हेंडिशचाच प्रयोग जास्त ताकदीच्या विजेने केला आणि तोच वायू मिळवला. वर्णपटात लाल आणि हिरव्या रेषांचे असे गट दिसले, जे कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याचे नव्हते. विल्यम क्रुक्सने त्या रेषा बारकाईने मोजल्या. 13 ऑगस्ट 1894 रोजी ऑक्सफर्डमध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात दोघांनी नवीन वायू जाहीर केला.

वीस की चाळीस?

इथपर्यंतचं सगळं शोधाचं काम. वर्गीकरणाची अडचण इथून सुरू होते.

घनता हायड्रोजनच्या 20 पट आणि हायड्रोजनचा रेणुभार 2, म्हणजे याचा रेणुभार 40. नायट्रोजन, ऑक्सिजन, क्लोरिनसारखे ओळखीचे वायू द्विअणुक, रेणूत दोन अणू. तसं इथेही असेल तर अणुभार 20. सारणीत फ्लोरिन 19 वर, सोडियम 23 वर, मध्ये 20 साठी ऐसपैस जागा. रॅम्झीला हे आधीपासून खुणावत होतं. मे 1894 मध्येच त्याने रॅलेला लिहिलेल्या पत्रात फ्लोरिननंतर वायुरूप मूलद्रव्यांना जागा असल्याचं सुचवलं होतं आणि तिथे एकाला नव्हे, तीन मूलद्रव्यांना जागा धरली होती. लोखंड, कोबाल्ट, निकेल हे त्रिकूट जसं आठव्या गणात, म्हणजे सारणीच्या आठव्या उभ्या स्तंभात, एकत्र बसतं तसं. तेव्हा सारणीत मोकळी जागा दिसायची ती या एकाच नमुन्यात.

हे सगळं जुळलं असतं, पण त्यांनी ध्वनी मोजला. वायूत ध्वनीचा वेग मोजला की त्याच्या दोन विशिष्ट उष्णतांचं, म्हणजे ठरावीक वजनाचा वायू एका अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतांचं, गुणोत्तर काढता येतं, स्थिर दाबावरची भागिले स्थिर आकारमानावरची. रेणूत दोन अणू असतील तर दिलेल्या उष्णतेचा काही भाग रेणू गरगर फिरवण्यात खर्च होतो आणि गुणोत्तर 1.4 च्या आसपास येतं. एकटा अणू असेल तर सगळी उष्णता त्याच्या पुढे-मागे पळण्यात जाते आणि गुणोत्तर 1.67 येतं. प्रयोग काचेच्या नळीत करतात. आत हलकी भुकटी पसरलेली असते, नळीत ध्वनी सोडला की भुकटीच्या ठरावीक अंतरावर ढिगल्या होतात आणि त्या अंतरावरून तरंगलांबी मिळते. आरगॉनचं गुणोत्तर एकअणुक वायूच्या आकड्यापाशी आलं. असा आकडा तोवर पाऱ्याच्या वाफेनेच दाखवला होता, आणि पाऱ्याची वाफ एकअणुक असल्याचं रसायनशास्त्राने वेगळ्या वाटेने मान्य केलेलं होतं.

एकअणुक म्हटलं की अणुभार 40. आणि 40 ला सारणीत काय होतं ते पाहा : क्लोरिन 35.5, पोटॅशियम 39.1, कॅल्शियम 40.1, स्कँडियम 44. नवीन वायू पोटॅशियम आणि कॅल्शियम यांच्यामध्ये येऊन आदळत होता. पोटॅशियमची संयुजा, म्हणजे एका अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता, एक; कॅल्शियमची दोन. पहिला गण आणि दुसरा गण यांच्या मध्ये काही असूच शकत नाही.

बरं, अणुभाराने जागा दाखवली नाही तर संयुजेने दाखवावी, हा मेंडेलीव्हचाच नियम. टेल्युरियम आयोडिनपेक्षा जड भरत असूनही त्याने टेल्युरियम आधी ठेवलं ते संयुगांच्या ओढीने. पण आरगॉनला संयुगच नव्हतं. क्लोरिन, फॉस्फरस, सोडियम, जे हाताशी होतं ते सगळं लावून झालं. फ्लोरिन हा सगळ्यात आक्रमक वायू, तो हाताळण्यात पॅरिसच्या आंरी म्वासाँचा हातखंडा, म्हणून रॅम्झीने त्याच्याकडे 100 घन सेंटिमीटर आरगॉन पाठवला. फ्लोरिननेही हात टेकले. आणि संयुग नाही म्हणजे रसायनशास्त्राची अणुभार काढायची आपली वाटही बंद, कारण ती वाट जाते तुल्यभार (हायड्रोजनच्या एका भागाशी जोडलं जाणारं वजन) गुणिले संयुजा अशी. आरगॉनचा अणुभार आता सर्वस्वी भौतिकशास्त्राच्या एका मापावर टांगलेला होता.

31 जानेवारी 1895 रोजी लॉर्ड केल्व्हिनच्या अध्यक्षतेखाली रॉयल सोसायटीची खास सभा झाली, तिथे हे सगळं खुलेपणाने मांडलं गेलं. (ऑगस्ट ते जानेवारी तपशील बाहेर का आला नाही, यावर लोक कुजबुजत होते. त्यात अमेरिकेतल्या स्मिथ्सोनियन संस्थेच्या 10,000 डॉलरच्या हॉजकिन्स पारितोषिकाचाही भाग होता, तिथे अप्रकाशित संशोधन पाठवायची अट होती. पारितोषिक या दोघांनाच मिळालं.) केमिकल सोसायटीचा अध्यक्ष हेन्री आर्मस्ट्राँग म्हणाला, की गुणोत्तर 1.67 येतं म्हणून अणू एकटाच असं कशावरून? दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतील की जोडी आत हलतच नसेल. फिजिकल सोसायटीचा अध्यक्ष आर्थर रुकर याची बाजू वेगळी होती. आवर्ती नियम हा अनुभवातून काढलेला नियम आहे, त्याच्या मागे गतिशास्त्राचा पाया नाही, तेव्हा वायूंच्या सिद्धांताशी त्याची टक्कर झाली तर माघार कुणी घ्यायची हे उघड आहे, असा त्याचा सूर होता. भौतिकवाल्यांना सारणीचं फारसं ओझं नव्हतं. रसायनवाल्यांना ती हातची सोडवेना.

नायट्रोजनचे तीन अणू

वाटा चारच होत्या. ध्वनीच्या मापाचा अर्थ चुकीचा लावला, ही आर्मस्ट्राँगची वाट. दुसरी म्हणजे आरगॉन हे मिश्रण आहे : 40 पेक्षा हलकं एक मूलद्रव्य, त्यात थोडं बरंच जड दुसरं, आणि सरासरी 40. रॅले आणि रॅम्झीनेही ही शक्यता खुली ठेवली होती. पण क्राकोमध्ये कारोल ओल्शेव्स्कीने वायू द्रवरूप केला, गोठवला, आणि उत्कलनबिंदू व गोठणबिंदू दोन्ही पक्के, न सरकणारे निघाले. मिश्रण असं वागत नाही. चौथी वाट म्हणजे सारणी अपुरी आहे हे कबूल करणं.

तिसरी वाट खुद्द मेंडेलीव्हची. आरगॉन मूलद्रव्य नव्हेच, तो नायट्रोजनचाच दुसरा अवतार आहे. ऑक्सिजनचे तीन अणू एकत्र येऊन ओझोन होतो, तसे नायट्रोजनचे तीन एकत्र आले की रेणुभार 42, घनता 21. मोजलेली 20. फार लांब नाही. शिवाय हा वायू सापडला नायट्रोजनमध्येच. इंग्लंडमध्येही काही जणांनी हाच तर्क केला होता.

आज हा तर्क हट्टी वाटतो आणि अनेक लेखांत मेंडेलीव्हला त्यावरून टपल्याही मारल्या जातात. मला तो तसा वाटत नाही. 1870 च्या आसपास युरेनियमचा अणुभार 120 धरला जाई. सारणीत तो बसेना, म्हणून मेंडेलीव्हने तो 240 हवा म्हणून सांगितलं. इंडियमचा 75 धरला जाई, त्याने 113 च्या आसपास केला. दोन्ही वेळा सारणी बरोबर होती, माप चूक होतं. 25 वर्षं ज्या सवयीने यश दिलं तीच त्याने इथे वापरली : माप आणि सारणी भांडली की मापाची झडती घ्यायची. टेल्युरियमच्या बाबतीतही त्याने तेच केलं. त्याचा अणुभार नीट मोजला की आयोडिनपेक्षा खाली येईल अशी त्याची खात्री होती. तो आजतागायत आलेला नाही : टेल्युरियम 127.6, आयोडिन 126.9.

तर्क पडला तो पुराव्यावर. तीन अणूंच्या रेणूचं उष्णतांचं गुणोत्तर 1.4 च्याही खाली जायला हवं, ते वर गेलं होतं. ओझोन ऑक्सिजनपेक्षा कितीतरी आक्रमक असतो, मग नायट्रोजनचा असला भाऊ एवढा थंड कसा? आणि वर्णपटात नायट्रोजनची एकही रेषा नाही. या सगळ्यानंतरही मेंडेलीव्ह काही वर्षं बधला नाही, कारण त्याच्याकडे दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. नाकारायचं तर त्या जागी काहीतरी द्यायला हवं आणि ते तेव्हा कुणाकडेच नव्हतं.

कुटुंब जमतं

सुटका वादातून झाली नाही. आणखी वायू सापडले म्हणून झाली.

मार्च 1895 मध्ये आरगॉनचं एखादं संयुग खनिजात मिळतं का हे शोधताना रॅम्झीला क्लीव्हाइट या युरेनियमच्या खनिजाची माहिती मिळाली. आम्लात टाकल्यावर त्यातून एक निष्क्रिय वायू निघतो आणि तो नायट्रोजन असावा, असं आधी एका अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने नोंदवलं होतं. रॅम्झीने तो वायू काढला, वर्णपट पाहिला. एक झगझगीत पिवळी रेषा होती, पण सोडियमच्या जागी नव्हती. नमुना क्रुक्सकडे गेला आणि उत्तर आलं की ही सूर्याच्या वर्णपटातली रेषा आहे. 1868 मध्ये नॉर्मन लॉकयरने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत हीच रेषा पाहून हेलियम नावाचं मूलद्रव्य कल्पिलं होतं. ते आता परीक्षानळीत होतं. हाही एकअणुक, हाही कशाशीच न जोडला जाणारा. अणुभार 4.

आता निष्क्रिय वायू दोन झाले, 4 आणि 40, आणि दोघांत रेघ ओढता येऊ लागली. 1897 मध्ये टोरोंटोतल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात रॅम्झीने न सापडलेल्या वायूवर भाषण दिलं. त्याची मांडणी अशी की ऑक्सिजन आणि गंधक यांच्यात 16 चं अंतर आहे, फ्लोरिन आणि क्लोरिन यांच्यात साडेसोळाचं. हेलियमहून साधारण तेवढ्याच अंतरावर, म्हणजे 20 च्या जवळ, तिसरा निष्क्रिय वायू असला पाहिजे. ही मेंडेलीव्हचीच रीत, मेंडेलीव्ह मानत नसलेल्या गणासाठी वापरलेली. तीन वर्षांपूर्वी आरगॉनसाठी धरलेली 20 ची जागा खरंच रिकामी होती, फक्त ती दुसऱ्याची होती.

1898 च्या मे ते जुलै या काळात रॅम्झी आणि त्याचा तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवा आणि द्रवरूप आरगॉन हळूहळू उकळून वेगवेगळे अंश गोळा केले. शेवटी उरलेल्या जड भागात क्रिप्टॉन सापडला, आधी निघून येणाऱ्या हलक्या भागात निऑन, आणि क्रिप्टॉनच्याही मागे झेनॉन. निऑनच्या नळीत वीज सोडल्यावर तो किरमिजी लाल पेटला, तेव्हा वर्णपटमापी उचलायचीही गरज वाटू नये इतका तो वेगळा होता. निऑनचा अणुभार आला 20.

आता पाचही शेजाऱ्यांसकट मांडा, तेव्हाच्या मापांनी : हेलियम 4 आणि पुढे लिथियम 7, निऑन 20 आणि पुढे सोडियम 23, क्रिप्टॉन 82 आणि पुढे रुबिडियम 85, झेनॉन 128 आणि पुढे सिझियम 133. प्रत्येक वायू अल्कली धातूच्या नेमका एक घर आधी. एकटा आरगॉन 40 तेवढा पोटॅशियम 39 च्या आधी बसवताना उलटा जातो. 1895 मध्ये हा वायू म्हणजे सारणीचा एकमेव विरोधक होता. 1898 मध्ये तो पाच भावंडांतला एक झाला आणि त्याची खोड टेल्युरियमच्या खोडीशेजारी ठेवून पुढे जाणं शक्य झालं.

मेंडेलीव्हला हा गण आधी का दिसला नाही याचं उत्तरही इथेच आहे. वर्गात एखादा मुलगा गैरहजर असला तर बाकावरची जागा मोकळी दिसते, पण ज्या मुलांची नावं पटावरच चढली नाहीत त्यांची गैरहजेरी कुणी मांडत नाही. गॅलियमच्या वर ॲल्युमिनियम होतं, खाली इंडियम होतं, म्हणून मधली पोकळी दिसली. निष्क्रिय वायूंचा उभा स्तंभच्या स्तंभ गायब होता. आणि संयुजा सातवरून एकवर उडी मारते तिथे मध्ये शून्य असू शकतं, असं म्हणायला शून्य संयुजेचं एक तरी मूलद्रव्य हातात असायला हवं होतं.

1900 च्या मार्चमध्ये बेल्जियमचा वनस्पतिशास्त्रज्ञ लेओ एरेरा याने या वायूंसाठी शून्य गण सुचवला. त्याच महिन्यात बर्लिनमध्ये रॅम्झी आणि मेंडेलीव्ह भेटले आणि हॅलोजन (फ्लोरिन, क्लोरिन यांचा गण) व अल्कली धातू यांच्या मध्ये हा गण ठेवायच्या कल्पनेवर बोलले. मेंडेलीव्हने ती उचलली, आणि मग अशी उचलली की आपल्या पाठ्यपुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत हा गण आवर्ती नियमाची भक्कम पुष्टी म्हणून मांडला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अख्खा स्तंभ घुसवला तरी बाकी एकाही मूलद्रव्याला घर सोडावं लागलं नाही, सगळे गण एकेक पाऊल सरकून पुन्हा रांगेत उभे राहिले. कुठल्याही वर्गीकरणासाठी ही चाचणी मोठी कठीण असते. पण त्याला तिथे थांबवेना. शून्य गणाच्या वरच्या टोकाला, हायड्रोजनच्याही आधी, त्याने दोन काल्पनिक हलके वायू बसवले आणि त्यांतला सगळ्यात हलका म्हणजे विश्वात भरलेला ईथर, असं 1902 च्या सुमारास लिहिलं. ज्याने खऱ्या निष्क्रिय वायूवर पाच वर्षं अविश्वास दाखवला, त्याने त्या वायूच्या धर्तीवर नसलेले दोन वायू पदरात घेतले.

1904 चं भौतिकशास्त्राचं नोबेल रॅलेला आणि रसायनशास्त्राचं रॅम्झीला मिळालं.

उलट्या जोडीचा उलगडा

आरगॉन आणि पोटॅशियम उलटे का, हे मात्र तसंच राहिलं. पहिला अर्धा उलगडा 1913 मध्ये हेन्री मोस्लीने केला. मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्याने मोजली आणि तिचं वर्गमूळ एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना सारख्याच पायरीने चढतं असं दाखवलं. पायरीचा क्रमांक म्हणजे अणुकेंद्रावरचा धनप्रभार, आपला अणुक्रमांक. क्लोरिन 17 वर आला, पोटॅशियम 19 वर, कॅल्शियम 20 वर. आरगॉनवर त्याने प्रयोग केला नव्हता, पण 18 ची पायरी मोकळी होती आणि तिथे कोण हे विचारायची गरज उरली नाही. टेल्युरियम 52 आणि आयोडिन 53, कोबाल्ट 27 आणि निकेल 28 हेही तसेच सुटले. सारणीची कसोटी अणुभार नव्हतीच, अणुभार बहुतेक वेळा अणुक्रमांकाबरोबर चढतो म्हणून तिचं काम भागलं होतं. मोस्ली ऑगस्ट 1915 मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय 27.

पण क्रम अणुक्रमांकाने लावायचा हे ठरलं, म्हणून आरगॉन जड का हे सांगून होत नाही. ते उत्तर समस्थानिकांत, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंत आहे, आणि ते मजेशीर आहे. पोटॅशियमचा एक समस्थानिक, पोटॅशियम-40, किरणोत्सारी आहे. आज तो सगळ्या पोटॅशियमच्या 0.012 टक्के इतकाच उरला आहे, अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं. त्यातले दर शंभरातले साधारण 89 अणू कॅल्शियम-40 होतात आणि उरलेले 11 आरगॉन-40. खडकांतल्या पोटॅशियममधून पृथ्वीच्या जन्मापासून असा आरगॉन तयार होत आला आणि हळूहळू हवेत जमला. 1937 मध्ये कार्ल फ्रीडरिश फॉन वायत्सेकरने हा तर्क मांडला. 1948 मध्ये ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी पोटॅशियमयुक्त जुन्या खनिजांतल्या आरगॉनमध्ये आरगॉन-40 चं प्रमाण हवेतल्यापेक्षाही जास्त असल्याचं दाखवलं. खडकांचं वय काढायची पोटॅशियम-आरगॉन पद्धत याच्यावरच चालते.

आपल्या हवेतला 99.6 टक्के आरगॉन हा असा आरगॉन-40 आहे. म्हणून त्याचा अणुभार 39.95, आणि पोटॅशियम बहुतांश पोटॅशियम-39 असल्यामुळे त्याचा 39.10. म्हणजे सारणीत पोटॅशियमच्या आधी बसणारा वायू जड झाला तो पोटॅशियममधून जन्मल्यामुळे. ताऱ्यांत घडलेला मूळ आरगॉन मुख्यतः आरगॉन-36 असतो, आणि सूर्यातल्या आरगॉनचा सरासरी अणुभार 36.3 च्या आसपास भरतो. रॅलेच्या गोळ्यात तो आरगॉन असता, तर क्लोरिनच्या 35.5 आणि पोटॅशियमच्या 39.1 यांच्या बरोबर मध्ये तो बसला असता, आणि 1895 च्या त्या सभेत भांडायला एक मुद्दा कमी पडला असता. संयुजेचा प्रश्न मात्र तेव्हाही जागेवरच राहिला असता, आणि टेल्युरियमचाही.